चौथी हाक

वरचा चौकीपाडा, ता. शहापूर
९ जानेवारी २०२५

किशन यास,

हे पत्र मी माझ्यासाठी लिहीत न्हाय, ते आधीच सांगते. न्हाय तं म्हणशील, सखीला भावाची आठवण आली. तसलं काय न्हाय.

आपल्या शाळेवर प्राजक्ता म्हणून बाई आल्यात. पोरगीच हाय, खालच्या पाड्याची, आपल्यातली. ती चौकीची गोष्ट लिहून काढते. कारण असं का, आपला पाडा खाली चाललाय. विहीर आता थंडीतच तळाला जाते. सडकेच्या कडेला जागा मिळाली, तिथं नळ हाय. शिमगा झाला का घरं उतरवायची. कौलं, वासे, दारं, सगळं डोक्यावरनं खाली न्यायचं. चौकी दगडाची, ती कोण उतरवणार? ती राहील वर एकटी. प्राजक्ता म्हणते, चौकी न्हाय तं न्हाय, गोष्ट तरी खाली नेऊ.

मला ठावी व्हती ती मी सांगितली. घाटातनं बैलावर मीठ आन् भात जायचा तवाची. चौकीत जकातीचा हवालदार बसायचा. एक दिस धुकं उतरलेलं. त्यानं खिडकीतनं बैलवाल्याला हाक मारली, एकदाच. सरकारचा माणूस, दुसऱ्यांदा कशाला मारंल? बैलवाला थांबला न्हाय, यानं गोळी घातली. तवापासून धुक्यात चौकीच हाक मारते, एकदाच. म्हणून आपल्यात पहिल्या हाकेला कोण ओ देत न्हाय. दुसरी आली का थांबायचं. तिसरी आली का आपलंच माणूस हाय समजून ओ द्यायची. एवढीच सांगितली. पुढची पोरांना कशाला सांगू, भितील.

आत्यानं तुला मांडीवर घेऊन जास्ती सांगितलेलं हाय. तू लाडका. तुला काय वेगळं ठावं असंल तं लिहून पाठव. प्राजक्तानं तुला फोन लावला व्हता. तू उचललास, हॅलो हॅलो केलंस आन् ठेवून दिलास. बोलायचं नसंल तं नको बोलू. प्राजक्ताचं काम अडवू नको.

सखी


कामतघर, भिवंडी
२१ जानेवारी २०२५

बाय,

'किशन यास'? अगं, मी काय तहसीलदार आहे का? तीन वर्षांनी पत्र आणि वर 'यास'! घरमालकीण कमळवहिनींनी पाकीट हातात दिलं तेव्हा त्यांना वाटलं कोर्टाचं काही आलं. मी म्हटलं, बहिणीचं आहे, कोर्टापेक्षा कडक.

खरं सांगू? फार बरं वाटलं. चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, डाळ ठेवली होती. दोनदा वाचलं तोवर ती करपली. तशीच खाल्ली.

फोनचं म्हणशील तर फोनच खराब आहे. आणि इथे कापडाच्या कारखान्यात लूमची खटखट, चाळीच्या मागे दुसरा कारखाना, तिथे खटखट. कुणाला काय ऐकू येणार? पत्रच बरं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, आश्रमशाळेतलं. प्रत्येक ओळ डोंगर चढते.

आता गोष्ट. आत्याने मला सांगितली त्यात बैलवाला बहिरा होता. हे तू सोडलंस. हवालदाराने हाक मारली ती त्याच्या कानात गेलीच नाही. तो आपला बैलाच्या शेपटीकडे बघत चालला होता. गोळी लागली तेव्हा त्याने मागे वळून बघितलं. तोंडावर राग नव्हता, नुसतं नवल होतं, की माझं काय चुकलं? हे प्राजक्ताबाईंना नक्की लिहायला सांग. माणूस उर्मट नव्हता, बहिरा होता.

आणि पुढची गोष्ट का लपवतेस? पोरं काही भीत नाहीत, आपण भ्यायलो का? त्याची घरवाली शोधत वर आली. चौकीच्या पायरीवर उभी राहून तीन हाका मारल्या. ओ आली नाही. तिसरीनंतर गप्प बसायचं असतं, ती बसली नाही. चौथी मारली आणि तिचा आवाज चौकीच्या भिंतीत अडकला. ती जिवंत राहिली, पण पुन्हा बोलली नाही. चौथी हाक मारेल तो चौकीचा. हे आत्या सांगायची तेव्हा तू माझा दंड धरायचीस, नखं रुतायची.

माझं बरं चाललंय. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा धामणकर नाक्यावर जाऊन चहा पितो, माणसं बघतो. तेवढीच करमणूक.

एक विचारतो, रागावू नकोस. आत्या गेली, तिच्या दिवसांना आलो होतो, परत निघालो, तेव्हा तू चौकीपर्यंत आली नाहीस. आपल्यात घरचं माणूस निघालं की पायरीवर उभं राहून हाका मारतात. मी हळूहळू चालत होतो, वाट बघत. पाठीवर कुणाचीच हाक आली नाही. पार वळण येईपर्यंत वाट बघितली. मला वाटलं, बाय रागावली कशावरून तरी. म्हणून मग पुन्हा आलो नाही.

तुझा
किशन


वरचा चौकीपाडा
३ फेब्रुवारी २०२५

किशन,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. दोन दिस मी पेन हातात घेतला न्हाय, काय तरी घाणेरडं लिहिलं असतं.

हाक आली न्हाय? मी उभी व्हते पायरीवर! तांबडं लुगडं नेसून, आत्याचंच. पहिली मारली, तू चाललास. म्हटलं बरोबर हाय, पहिलीला कोण थांबतं? दुसरी मारली, तू थांबला न्हाय. तिसरी मी अशी मारली का खालच्या पाड्यावरची कुत्री भुकायला लागली. सगळ्यांनी ऐकली. भगत जिव्या बाबा बाजूलाच व्हता. तू वळणावर थांबलास, मला वाटलं आता ओ देशील. बिडी पेटवलीस आन् गेलास.

माझं तोंड उघडंच व्हतं. चौथी गळ्यापर्यंत आली व्हती, खरं सांगते. जिव्या बाबानं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणला, पोरी, तिसरीला ओ न्हाय आली तं त्यानं घर तोडलं. आता गप बस. मी गप बसले ती आजपर्यंत. म्हणून मी फोन करत न्हाय तुला. फोन म्हणजे हाकच ना? नाव घेऊनच बोलवायचं असतं. पत्राचं मी जिव्या बाबाला विचारलं, तो म्हणला पत्र चालंल, पत्राला आवाज नसतो.

तीन वर्षं मी हाच विचार करते, काय चुकलं माझं? आत्याच्या दिवसांना तुझ्या ताटात मासळी कमी वाढली का? आत्याची कोंबडी मी ठेवून घेतली त्याचा राग आला का? का शहरात राहून बहिणीची लाज वाटते तुला? आन् आता म्हणतोस, हाकच आली न्हाय. खोटं तरी नीट बोल. एवढा मोठा घाट, त्याला ऐकू गेली, तुला न्हाय?

आन् बैलवाला बहिरा व्हता असं आत्यानं मला कधीच सांगितलं न्हाय. मी तिच्याजवळ जास्ती राह्यले, तू न्हाय. तरी प्राजक्तानं लिहून घेतलं. पोरांना आवडलं ते.

शिमग्याला घर उतरवणार. त्याच्या आधी मला एवढं सांग, मी काय केलं व्हतं. कारण कळलं का मी खाली जायला मोकळी.

सखी


कामतघर, भिवंडी
२६ फेब्रुवारी २०२५

बाय,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि पाणी प्यायला उठतो.

तू काही केलं नव्हतंस. मासळी भरपूर वाढली होतीस. मला ऐकू येत नाही, बाय. तेव्हाही येत नव्हतं. आता तर अजिबात नाही.

आत्याने बैलवाला बहिरा होता असं कधीच सांगितलं नाही. ते मी घातलं. खरं लिहायला हात धजला नाही, म्हणून गोष्टीत घालून पाठवलं. वाटलं, तू एवढी हुशार, ओळखशील. आणि नाही ओळखलंस तर बरंच, असंही वाटलं.

कसं झालं ते सांगतो. लूमवर कानाचं काम नसतं, डोळ्याचं असतं. धागा तुटला की दिसतो, मशीन थांबवायचं, गाठ मारायची, चालू करायचं. एवढ्या आवाजात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही, सगळे हाताने नि ओठाने बोलतात. चहा हवा तर असा हात, शेठ आला तर असा. त्यामुळे मी बहिरा होत गेलो ते कुणाला कळलंच नाही, मलाही नाही. मग एकदा दुपारी लाइट गेली. लाइट गेली की सगळा कारखाना एकदम गप्प होतो आणि माणसं बोलायला लागतात. बाजूच्या लूमवरचा चाचा काहीतरी सांगत होता, सगळे हसत होते. मी पण हसलो. आणि बघत बसलो, की आता आवाज येईल, आता येईल. लाइट परत आली तरी आला नाही.

डॉक्टर झाले. कानातलं मशीन लावून बघितलं, त्यात नुसता गोंगाट. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, आता यात सुधारणा नाही.

आत्याच्या दिवसांना आलो तेव्हा समोरून बोललेलं ओठांवरून ओळखत होतो आणि मान हलवत होतो. मागून कोण काय बोललं, देव जाणे. वळणावर थांबलो होतो ते तुझ्या हाकेसाठीच थांबलो होतो गं, वाटायचं, बोलणं नाही तरी घाटातली मोठी हाक कानात शिरेल. बिडी पेटवली ती हात रिकामे बरे दिसत नव्हते म्हणून. तू माझ्या पाठीमागे उभी राहून घसा फोडत होतीस आणि मी मनात म्हणत होतो, एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं हिचं.

तुला का नाही सांगितलं? पाड्यावर काय म्हणतील ते तुलाही ठाऊक आहे. किशनने कधीतरी चौकीच्या पहिल्या हाकेला ओ दिली, चौकीने त्याचे कान नेले. माझ्यासमोर पोरं आणणार नाहीत. आणि तुला वाईट वाटेल म्हणून. आणि लाज वाटली म्हणून. सगळंच.

आता एक गोष्ट सांगतो, तेवढं कुणाला वाचून दाखवू नकोस. खोलीवर आलो की मी तुझा आवाज आठवायला बसतो. तू 'किशना' म्हणायचीस, 'कि' लांबवून. तोंड आठवतं, पण आवाजाच्या जागी लूमच वाजतो. बंद केल्यावरही वाजतो. शुक्रवारी पण वाजतो. नाक्यावर मागून ट्रक येतो, लोक मला हाताला धरून ओढतात, शिव्या देत असतील, मला त्यांची तोंडं दिसतात फक्त. एवढ्या मोठ्या भिवंडीत माझ्याशी रोज कोण बोलतं? कोणी नाही. कमळवहिनी पाणी आलं की दारावर थापा मारतात, मग लक्षात येतं त्यांच्या, मग आत येऊन बादली दाखवतात.

पण मी येणार नाही. तिकडे येऊन काय करू? माणसं हाका मारतील, मी वळणार नाही, म्हणतील भिवंडीला जाऊन शिष्ट झाला. तू सुखाने खाली जा. नळ आहे, माणसं आहेत. आणि चौथीबिथी मारू नकोस. तू कधी काय करशील, तुझा नेम नाही.

किशन


जिल्हा परिषद शाळा, खालचा पाडा
१८ मार्च २०२५

किशनमामा,

मी प्राजक्ता, शाळेवरची. आपली भेट झालेली नाही, पण सखीमावशींमुळे तुम्ही मला घरच्यासारखेच आहात. त्यांना न विचारता लिहिते आहे, सांगू नका.

शिमगा झाला. वरची सगळी घरं उतरली. मावशींचंही उतरलं, खालच्या जागेवर त्यांची कौलं मी स्वतः रचून ठेवली आहेत. पण मावशी उतरल्या नाहीत. चौकीत राहतात. कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडली आहे, दाराच्या जागी गोणपाट लावलंय. वर आता दुसरं कुणीच नाही. विहीर आटली, मी शाळा सुटल्यावर हंडा पोचवते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते पायरीवर बसून वाचलं. मग चौकीकडे तोंड करून मोठमोठ्याने रडल्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं कमी केलं. खाली चला म्हटलं तर एकच सांगतात. "तो आला तं कुठं येईल? त्याला चौकीच ठावी. खालची वस्ती त्यानं बघितली न्हाय. वाट विचारंल कुणाला, आन् सांगितली तरी ऐकू येणार न्हाय त्याला."

मी म्हटलं, ते येणार नाही म्हणून लिहिलंय ना. तर म्हणाल्या, त्याचं लिहिणं मला नको शिकवू, तो लहानपणापासून जेवायला बोलावलं का आधी न्हाय म्हणतो.

मला काळजी वाटते. उन्हं वाढली आहेत आणि त्यांचं वय काही कमी नाही. तुम्ही तरी खाली जायला सांगा.

पोरांनी गोष्टीचं नाटक केलं. बैलवाला बहिराच दाखवला. आता सगळा पाडा तशीच सांगतो. मी मावशींना विचारलं, की हे मामांनी घातलेलं, काढून टाकू का? त्या म्हणाल्या, राहू दे.

तुमची
प्राजक्ता


चौकी
२२ मार्च २०२५

किशना,

पत्ता बघून हसलास ना? आता मीच हवालदार.

तुझ्या पत्रानंतर मी आधी जिव्या बाबाकडं गेले, खालच्या वस्तीवर. म्हटलं, बाबा, ज्याच्या कानात गेलीच न्हाय ती हाक मोजायची कशी? त्या तीन हाका खोट्या. मी परत पहिल्यापासनं मारणार. बाबा म्हणला, तसं न्हाय व्हत. हाक तोंडातनं सुटली का मोजली, कान कुणाचा का असंना. तीन झाल्या. मी वाद घातला, भांडले, त्याच्या घरात पाणी पण प्याले न्हाय. तो ऐकंना. मंग मी म्हटलं, बरं. तीन झाल्या तं झाल्या.

रागावू नको. तू नको म्हणलास तरी मी ही चौथी मारते.

किशना!

पेन दाबून लिहिलंय. कागद फाटला असंल बघ जरा. पत्राला आवाज नसतो म्हणतो जिव्या बाबा, पण त्याला लिहिता कुठं येतं? मी लिहिताना मोठ्यानं वरडले, चौकीत घुमलं, वरची पाखरं उडाली. हाक झाली म्हणजे झाली. आता आवाज भिंतीत अडकला तं अडकू दे. मला काय करायचाय तो? ज्याला ऐकवायचा त्याला ऐकू येत न्हाय. बाकीच्यांशी मी किती बोलते ते तुला ठावं हाय.

तुला माझा आवाज आठवत न्हाय म्हणतोस. आत्यासारखा व्हता, जरा फाटका. फार काय गेलं न्हाय तुझं. पण माझं गेलं रे. तू एकटा बसून माझा आवाज शोधतोस आन् मी हितं तुझ्यावर रागवून बसले. तीन शिमगे मी तुझ्या वाटणीची भाकर भाजली न्हाय, मुद्दाम. 

आता नीट वाच. शहापूरची एसटी धर, मंग आपल्या बाजूची. वळणावर उतर. तांबडं लुगडं चौकीच्या खिडकीत बांधलंय, वळणावरनं दिसतं, प्राजक्ताला खाली पाठवून बघून घेतलं. त्याच्याकडं बघत चढ. मी पायरीवर हाय. मागनं तुला कोण हाक मारणार न्हाय, सगळ्यांना सांगून ठेवलंय. काय सांगायचं असंल तं पुढं येऊन सांगतील. लोक म्हणतात चौकीनं तुझे कान नेले. म्हणू दे. मी म्हटलं, मंग तिच्याचकडं राहायला येतोय तो, मागून घेईल परत.

तू आलास का दोघं मिळून खाली जाऊ. कौलं रचलेली हायत. वाटंनं मी पुढं चालंन, तू मागं चाल. म्हणजे मी दिसत राहीन तुला.

तुझे ते लूमवरचे हात मला शिकव. भांडायला लागतील.

बाय


कामतघर, भिवंडी
२९ मार्च २०२५

बाय,

शेठला सांगितलं. खोलीची चावी कमळवहिनींना दिली, स्टोव्हही त्यांनाच दिला. त्यांनी वाटेत खायला घावने बांधून दिलेत आणि रडल्या, मी ओठांवरून काही ओळखू शकलो नाही. उद्या सकाळच्या एसटीने निघतो. म्हणजे हे पत्र पोचायच्या आधी मीच पोचेन, आणि पोस्टमन आला की आपण दोघं पायरीवर बसून ते वाचू. तू म्हणशील, पोस्टाचं तिकीट फुकट घालवलं.

तरी लिहितो. आपल्या माणसाची हाक आली की ओ दिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, आत्यानेच शिकवलंय. मागच्या तिन्हींचीही यातच धर.

ओ.

किशन